परत आलेले सहा ड्रम

१

सोमवारी रवाना झालेले सहा ड्रम गुरुवारी दुपारी परत आले. हमालांनी ते फळीवरून एकेक करून खाली घरंगळवले आणि ट्रक निघून गेला. प्रत्येक ड्रमवर लाल खडूची फुली होती. सोबत वंगणाच्या कारखान्याचं चार ओळींचं पत्र: सील शाबूत होतं, आम्ही उघडून तपासलं, तेलात विष आहे, माल घेणार नाही.

हे विष म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं. ते पेटू नये म्हणून पूर्वी त्यात क्लोरीन असलेलं एक रसायन वापरत. ते सहजी जळत नाही, कुजत नाही, विरत नाही. हाच त्याचा गुण आणि हाच अवगुण. जमिनीत गेलं की जमिनीत राहतं, माशात गेलं की माशात, आणि तो मासा खाणाऱ्या आईच्या दुधातही. गावोगावचं असं जुनं तेल गोळा करायचं, मायक्रोवेव्हच्या भट्टीत त्यातलं विष मोडायचं आणि उरलेलं स्वच्छ तेल वंगणासाठी द्यायचं, ड्रम जिथे परत आले त्या कारखान्याचं एवढंच काम. साठा संपला की कारखाना बंद, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. एके काळी इथे अकराशे ड्रम होते, तीन-तीन थरांत. हे सहा शेवटचे.

पुढच्या आठवड्यात सरकारी मंडळाने चौकशीला तपासनीस बाईंना पाठवलं. पंचावन्नच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, पूर्वी शाळेत गणित-विज्ञान शिकवलेल्या. फाटकातून आत येताना त्यांना हजेरीची पाटी दिसली. पाटीवर चाळीस खिळे होते आणि बिल्ले चार.

व्यवस्थापकांनी खुर्ची पुढे केली. "तुम्हाला उगाच त्रास झाला, बाई. माणूस सापडलेला आहे. भट्टी नाना चालवतात. त्यांना दुसरीकडे नोकरी लागलीय, जायची घाई. शेवटचे सहा ड्रम त्यांनी भट्टी न लावताच भरले. केमिस्ट मुलीने डोळे झाकून आकडा लिहिला. मी अहवाल टाइप करून ठेवलाय, तुम्ही फक्त सही करा."

शाळेत असताना एखाद्या मुलाने गणिताचं नुसतंच उत्तर सांगितलं, की बाई जे म्हणत तेच त्या आताही म्हणाल्या.

"बरं. आता पायऱ्या दाखवा."

२

भट्टी म्हणजे पोलादी कपाट होतं, आत माणूस उभा राहील एवढं. नाना त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. कामावर घ्यायला कोणी आलं आहे की काढायला, ते न कळलेल्या माणसासारखे.

"मला भट्टी शिकवा," बाई म्हणाल्या.

नाना जरा सैलावले. "तेल या मायक्रोवेव्हच्या लहरींना दाद देत नाही बघा. काचेतून ऊन जावं तशा त्या तेलातून आरपार जातात. म्हणून कोळशाची बारीक पूड घालायची. तिचा कण न् कण निखाऱ्यासारखा तापतो. सोबत कॉस्टिक पोटॅश असतं. कणापाशी विष तापलं, की पोटॅश त्यातला क्लोरीन ओढून काढतं."

"आणि पूड घालायची विसरलात तर?"

"तर तेल गारच बाहेर येतं. अकरा वर्षांत चहा पुष्कळदा गार प्यालो, तेल गार नाही काढलं."

"मग ड्रम भरता कसे?"

"नळाशी केमिस्ट ताई नमुना घेते. तिने होकार दिला की स्टोअरमधून धुतलेला रिकामा ड्रम येतो. बूच काढायचं, टॉर्च मारून तळ बघायचा, भरायचा, आणि लगेच तार आवळून सील करायचं."

"या सहा ड्रमांना टॉर्च मारला होता?"

"मारला की." उत्तर फार लवकर आलं. नानांनी खिशातला रुमाल काढला, चेहरा पुसला, पुन्हा ठेवला.

बाईंनी वहीत काहीच लिहिलं नाही. "तुमच्या जाण्याची फार घाई आहे म्हणतात."

"घाई म्हणजे..." नाना थांबले. "मुलगी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. इथे आवारात पोर कुठे वाढवणार? मावशीकडे ठेवली. आता ती नर्स झालीय. तिच्या गावात अशीच नवी भट्टी लागतेय, मला पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय. तिने दोन खोल्या बघितल्यात. फोनवर विचारत होती, बाबा, तुम्हाला पंख्याचा त्रास होतो का. बापाला पंखा चालतो की नाही, हे लेकीला माहीत नाही." ते भट्टीच्या दाराकडे बघत राहिले. "मी विष सोडलं असं कागदावर आलं, की माझा भट्टी चालवायचा परवाना गेला. परवाना गेला की नोकरी गेली. मग त्या दोन खोल्यांत मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आज तेवीस तारीख," बाई म्हणाल्या.

"भट्टी मी लावली होती, बाई. पण सिद्ध कसं करू? मोडलेलं विष कुणाला दाखवता थोडंच येतं?"

"येतं," बाई म्हणाल्या. "गाळ कुठे ठेवता?"

३

जगातली वस्तू नाहीशी होत नाही, नुसती जागा बदलते. विषातला क्लोरीन ओढून काढला, तरी तो कुठे तरी असायलाच हवा. तो पोटॅशला चिकटतो, आणि त्या दोघांचं मिळून मीठ होतं. एका ड्रममागे साधारण मूठभर. ते तेलात विरघळत नाही, कोळशाच्या गाळात बसून राहतं.

प्रत्येक खेपेचा गाळ वेगळ्या पत्र्याच्या तबकात, तारखेच्या चिठ्ठीसह ठेवलेला होता. शेवटच्या खेपेचं तबक बाईंनी प्रयोगशाळेत नेलं.

केमिस्ट तिशीची होती. तिला सगळे ताई म्हणत. अकरा टेबलांच्या प्रयोगशाळेत ती एकटी एका टेबलाशी काम करायची, बाकीच्या दहांवर चादरी घातलेल्या. तिने काळा गाळ पाण्यात ढवळून गाळला. पाणी स्वच्छ निघालं. मग तिने त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब सोडले.

"हे कशासाठी?" दारातून व्यवस्थापकांनी विचारलं.

"उरलेलं पोटॅश आधी मारावं लागतं," ताई म्हणाली. "नाहीतर तपकिरी गाळ पडतो आणि फसगत होते."

मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पाण्यात दूध ओतावं तसा पांढरा ढग उठला आणि हळूहळू खाली बसला. ताईने दोन तास मापं घेतली. आत आलेल्या तेलात जेवढा क्लोरीन होता, जवळजवळ तेवढाच गाळातल्या मिठात सापडला.

"मीठ काय, कुठूनही आणता येतं," व्यवस्थापक म्हणाले. "नानांनी स्वयंपाकघरातलं दोन मुठी टाकलं असेल."

"रास्त शंका आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. शंका घेणारा विद्यार्थी त्यांना नेहमीच आवडे. "ताई, प्लॅटिनमची तार आहे? आणि बर्नर?"

स्वयंपाकातल्या मिठात सोडियम असतं. त्याने ज्योत पिवळीजर्द होते, इतकी की दुसरा कुठलाही रंग ती गिळून टाकते. पोटॅशपासून झालेल्या मिठाची ज्योत फिकट जांभळी. बाईंनी तार त्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरली.

ज्योत जांभळी झाली.

"भट्टी लागली होती," बाई म्हणाल्या. "विष मोडलं होतं. नळातून तेल स्वच्छच बाहेर आलं."

"मग ड्रममध्ये विष आलं कुठून?"

"कोणीतरी घातलं," बाई म्हणाल्या.

४

वंगणाच्या कारखान्याने पत्रासोबत सहाही ड्रमांच्या तपासणीचे आलेख जोडले होते. ताईने ते टेबलावर मांडले आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"दोन गोष्टी. एक, आकडे. दहा लाख भागांत दोनपेक्षा जास्त चालत नाही. इथे चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, पंच्याऐंशी, पुन्हा पंच्याऐंशी. सहाही ड्रममध्ये जवळजवळ एकच. वर, मध्ये, तळाशी सारखाच."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकून सांडलेलं नाही. मोजून घातलंय. आणि विष तेलापेक्षा जड असतं. भरलेल्या ड्रममध्ये वरून ओतलं असतं तर तळाशी जास्त, वर कमी, असा फरक राहिला असता. रिकाम्या ड्रममध्ये आधी घातलं, वरून तेलाची धार पडली, मग ते नीट मिसळलं."

"आणि दुसरी गोष्ट?"

ताईने आपल्या कपाटातून एक जुना आलेख काढून शेजारी ठेवला. "विषाचेही ठसे असतात, बाई. बोटांसारखे. प्रत्येक प्रकारच्या विषाचे हे उंचवटे वेगळे. शेवटच्या खेपेत जे कच्चं तेल आलं, त्याचा ठसा हा. आणि परत आलेल्या ड्रमांतला हा. जुळत नाहीत."

"मग जुळतो कशाशी?"

ताईचा आवाज खाली आला. "डब्याशी. स्टोअरच्या लोखंडी कपाटात एक लिटरचा डबा आहे, शुद्ध विषाचा. यंत्राचा आकडा बरोबर येतो का ते पडताळायला लागतं. कपाटाला दोन किल्ल्या. एक माझ्या गळ्यात असते. दुसरी स्टोअरमध्ये, खिळ्याला."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. एवढं आपणहून सांगणारी माणसं दोन प्रकारची असतात, निर्दोष किंवा फार हुशार.

"एका ड्रमला किती लागेल?"

"दोन लहान चमचे," ताई म्हणाली. मग आलेख गोळा करत म्हणाली, "हे मी एकदा सांगितलंय. महिन्यापूर्वी. गंमत म्हणून. दुपारी डबा खाताना."

"कोणाला?"

"मी खात होते उभ्याउभ्या. ते दोघं बसले होते. नाना आणि मापारी."

५

स्टोअरकीपरला सगळे मापारी म्हणत. खिळे असोत की साबण, तो माणूस मापाशिवाय काही द्यायचा नाही. साठीला टेकलेले, अंगाने बारीक, बोलणंही मोजूनच.

स्टोअर म्हणजे लांबच लांब दालन. मांडण्या छतापर्यंत, आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या. पाऊल टाकलं की आवाज पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत येई. दारापाशी एक उपडं खोकं, त्याच्या दोन बाजूंना दोन स्टुलं, वर खिळ्याला किल्ली.

"इथे बसून जेवता?" बाईंनी विचारलं.

"चाळीस माणसांची जेवणाची खोली आहे पलीकडे. तिथे दोघंच बसलो की लग्न मोडल्यासारखं वाटतं," मापारी म्हणाले. "म्हणून इथे."

"किती वर्षं?"

"अकरा. नाना आला त्या दिवसापासून. त्याच्या डब्यात नेहमी काहीतरी करपलेलं. स्वतःच करतो ना. म्हटलं, आण इकडे, अर्धं अर्धं करू, मलाही शिक्षा होऊ दे."

"तुमच्या घरी?"

"आवारातच खोली आहे. बायको जाऊन सोळा वर्षं झाली. मूलबाळ नाही." त्यांनी खोक्यावरचा नसलेला कण झटकला. "पुढच्या महिन्यापासून सगळे जाणार. जागा विकली जाईपर्यंत मला ठेवणार आहेत. रिकाम्या आवाराची राखण. कुणी काही मागायला येणार नाही, तर मोजायचं तरी काय."

"नानांवर बालंट आलंय, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"नाना तसा माणूस नाही," ते म्हणाले. आणि मग, विचारलं नसताना, "त्याने टॉर्च मारून बघितलं होतं."

बाई निघाल्या. वाटेत व्यवस्थापक भेटले, त्यांना बाईंनी टॉर्चबद्दल विचारलं. साहेबांची छाती फुगली. "तो नियम माझा. टॉर्च मारल्याशिवाय इथे ड्रम भरला जात नाही. अकरा वर्षं." ताईलाही विचारलं. "टॉर्च मारतातच," ती म्हणाली, "म्हणून तर मी भरलेला ड्रम पुन्हा तपासत नाही."

भट्टीच्या खोलीत नळाशेजारी खुंटीला तो टॉर्च लटकत होता. बाईंनी बटण दाबलं. उजेड पडला नाही. त्यांनी मागचं झाकण फिरवलं, पण ते फिरेना. रुमालात धरून जोर केला तेव्हा कुठे सुटलं. आतले सेल फुगून फुटले होते आणि त्यांच्याभोवती हिरवट-पांढरा थर दगडासारखा जमला होता. हे एका महिन्याचं काम नव्हतं. एका वर्षाचंही नसावं.

६

बाईंनी चौघांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत पाच माणसं एका टेबलाभोवती बसली. बाईंनी टॉर्च टेबलावर ठेवला.

नानांनी तो बघितला आणि डोळे मिटले.

"नाना, कधीपासून मारत नाही?"

"आठवत नाही," नाना म्हणाले. "मापारी ड्रम धुऊन, वाळवून, स्वतः बघून आणून देतो, भरताना शेजारीच उभा असतो. पहिली दोन-तीन वर्षं मी बघितलं. कधी धुळीचा कण सापडला नाही. मग लाज वाटायला लागली. जिवाभावाच्या माणसाने वाढलेलं ताट कोणी उजेडात धरून तपासतं का?"

"म्हणजे नियम मोडला," व्यवस्थापक म्हणाले.

"मोडला. आणि खोटंही बोललो. परवाना जाईल म्हणून."

"थांबा," बाई म्हणाल्या. "पायरीपायरीने जाऊ. ज्याने हे केलं, त्याने रिकाम्या ड्रमच्या तळाला दोन चमचे विष घातलं. काळ्या तळावर ते चकाकलं असतं. टॉर्च पडला की लगेच दिसलं असतं. टॉर्च पडणार नाही याची खात्री असल्याशिवाय असं कोणी करेल का? साहेब, तुमची तर छातीठोक समजूत होती की टॉर्च मारला जातो. तुम्ही हे धाडस केलं नसतं."

व्यवस्थापकांना सुटल्याचा आनंद व्हावा की अकरा वर्षं फसल्याची लाज वाटावी, ते ठरवता येईना.

"ताईचीही तीच समजूत. शिवाय तिच्याबाबत आणखी एक पायरी आहे. तिला तेल नासवायचंच असतं, तर त्याच खेपेचं कच्चं तेल तिच्या बाटल्यांत होतं. तेच घातलं असतं, तर ठसा जुळला असता आणि आपण सगळे म्हणालो असतो, भट्टी लागलीच नाही. तिने परक्या ठशाचं विष कधीच वापरलं नसतं. ज्याने वापरलं, त्याला विषाला ठसा असतो हे माहीत नव्हतं."

बाईंनी टॉर्च टेबलाच्या मध्यावर सरकवला.

"त्याला दोन गोष्टी माहीत होत्या. दोन चमचे पुरतात, आणि टॉर्च बंद आहे. तो जेवायला अशा जागी बसत होता, जिथे डोक्यावर किल्ली टांगलेली असते."

"म्हणजे नानाच," व्यवस्थापक म्हणाले.

"नाना," बाई म्हणाल्या, "किंवा मापारी. माझा पुरावा दोघांपाशी येऊन थांबतो. त्यापुढची पायरी माझ्याजवळ नाही. अहवालात मला दोघांचीही नावं लिहावी लागतील. निष्काळजीपणाला ताकीद मिळते, पण जाणूनबुजून विष सोडल्याचा नुसता संशय असला तरी परवाना अडकतो. वर्षभर तरी. संध्याकाळी पाच वाजता मी कागद पाठवणार आहे."

नाना मापारींकडे बघत नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिकडे बघायची भीती वाटत होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, "लिहा माझं एकट्याचं. त्याचं कशाला? त्याला तर जायलाही कुठे नाही."

मापारी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, लांबी मोजावी तसा. टोकाशी पोचल्यावर अंगठा थांबला.

"ताई," ते म्हणाले, "तो चमचा मी तीनदा धुतलाय. पण तुम्ही आता तो वापरू नका. तिसऱ्या मांडणीत, वरच्या फळीवर आहे. फेकून द्या."

७

कबुलीजबाब मापारींनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. अर्धं पान झालं. बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "कारण लिहिलं नाहीत."

"ते कागदावर चांगलं दिसत नाही."

"मग मला सांगा."

"ड्रम परत येतील असं वाटलं," मापारी म्हणाले. "पुन्हा भट्टी लागेल, पुन्हा तपासण्या, महिना-दोन महिने जातील. यंत्र जुनं झालंय म्हणतील. यंत्राला कोण रागावतं? नानाचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही. त्याचं नाव कोणी वाईट कामाला जोडील, हेच मुळी माझ्या हिशेबात नव्हतं."

"आणि त्याचं नाव आल्यावर?"

"रोज ठरवलं, आज सांगीन. रोज डबा उघडला. पण तो समोर बसून अर्धं काढून द्यायचा, आणि मी ते खाऊन उठायचो."

अहवाल पाच वाजता गेला. नियम मोडल्याबद्दल आणि खोटं बोलल्याबद्दल नानांना लेखी ताकीद मिळाली, परवाना राहिला. मापारींना कामावरून कमी केलं, पुढची कारवाई मंडळाकडे, आणि खोली महिनाअखेर सोडायची. सहा ड्रम नानांनी दोन दिवसांत पुन्हा भट्टीतून काढले. या वेळी रिकामे ड्रम ताईने आणून दिले. दुपारी नानांनी डबा भट्टीच्या खोलीत उभ्यानेच खाल्ला. ताईने एकदा स्टूल आणून ठेवलं, पण ते बसले नाहीत.

बाई जाण्याआधी त्यांना भेटल्या. नाना म्हणाले, "बाई, तुम्ही मला वाचवलंत. मग बरं का वाटत नाही?"

बाईंनी शाळेत वर्षानुवर्षं मुलांना प्रत्येक गणिताला उत्तर असतं असं शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही." आणि फाटकापर्यंत एकट्याच चालत गेल्या.

तीस तारखेला दुपारी दोन वाजता नाना बॅग घेऊन मापारींच्या खोलीपाशी आले. दार उघडंच होतं. मापारी पेटीशी बसून कपड्यांच्या घड्या करत होते. नानांनी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली.

"कुठे जाणार?"

"चुलत भावाला पत्र टाकलंय. बघू."

नाना आत येऊन खाटेच्या कडेवर बसले. "मला तुझा फार राग आलाय," ते म्हणाले. "भट्टीसमोर उभा राहून दोन दिवस तुला शिव्या देत होतो. ताईने ऐकल्या असतील."

"देणारच."

"अकरा वर्षं, अरे. तोंड नव्हतं तुला? विषाच्या डब्याला हात लावलास, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस."

मापारींनी सदऱ्याची बाही सरळ केली. पुन्हा केली.

"काय विचारायचं होतं?" ते म्हणाले. "जाऊ नकोस, असं? लेकीकडे निघालेल्या बापाला हे कोणी विचारतं का, नाना?"

बाहेर आवारात वाऱ्याने एक सैल पत्रा वाजला आणि थांबला. नानांनी घड्याळ बघितलं. गाडी चारची होती, स्टेशन जवळच होतं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, पाय वर घेतले आणि पेटीशेजारचा कपड्यांचा ढीग आपल्याकडे ओढला. दोघं घड्या करत बसले.